जागच्या जागी फिरणारे चाक

चाकाचा इतिहास सांगायला कोणी बसले की तो हटकून रस्त्याला लागतो. आधी ओंडके, मग भरीव लाकडी चाक, मग आऱ्यांचे चाक, त्यावर रथ, रथामागून गाडी, आगगाडी आणि शेवटी मोटार. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत सापडलेले सुमारे 5,100 वर्षांपूर्वीचे चाक असो की सुमेरमधल्या चित्रांतल्या गाड्या असोत, सगळी कथा वाहतुकीची. ही कथा खोटी नाही, पण ती कोल्हापूरला लागू होत नाही. पंचगंगेच्या या खोऱ्यातल्या माणसाला चाक निदान दोन हजार वर्षे चांगले ठाऊक आहे. तरी या काळाच्या फार मोठ्या भागात त्याचे दूरचे ओझे जनावराच्या पाठीवरून गेले. चाक राबले ते एका जागी, खुंटीवर किंवा कण्यावर बसून. कुंभाराचे चाक, जाते, तेलाचा घाणा, विहिरीवरची मोट, उसाचा चरक ही सगळी त्याचीच रूपे. गाव जगले ते या चाकांवर, आणि पुढे विसाव्या शतकात कोल्हापूर यंत्रांचे शहर झाले तेही याच चाकांच्या वाटेने, असे माझे म्हणणे आहे. गाडीचे चाक इथल्या रोजच्या व्यवहारात बऱ्याच उशिरा शिरले.

सुरुवात ब्रह्मपुरीपासून करू. शिवाजी पुलाच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठावरची ही टेकडी म्हणजे कोल्हापूरची सर्वांत जुनी माहीत असलेली वस्ती. 1945-46 मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे तिथे पद्धतशीर उत्खनन केले. सातवाहनांची नाणी निघाली, विटांची घरे निघाली आणि ढिगाने खापरे निघाली. ब्रह्मपुरी म्हटले की लोकांना आठवतो तो समुद्रदेव पोसायडनचा छोटा ब्राँझचा पुतळा, जो आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन जगातून आलेल्या वस्तूला मान मिळणारच. पण आपल्या मुद्द्यासाठी ती खापरे अधिक बोलकी आहेत, कारण त्यांतली बरीचशी चाकावर घडवलेली आहेत. चाकावरच्या भांड्याच्या आतल्या अंगाला बोटांच्या बारीक समांतर रेषा उमटतात आणि भिंतीची जाडी सर्वत्र सारखी राहते. हाताने थापलेल्या भांड्यात हे साधत नाही. म्हणजे पोसायडन इथे आला तेव्हा कोल्हापूरचा कुंभार फिरत्या चाकाच्या गतीवर रोजची भाकरी कमावत होता. आता दुसरा प्रश्न विचारावा: तो पुतळा आणि त्याच्यासोबतची ब्राँझची भांडी समुद्रावरून इथवर आली कशी?

कोकणातून देशावर येणारा माल घाट चढून येत असे, आणि ते घाट कशासाठी बांधले होते ते दगडच सांगतात. सातवाहनांच्या राज्यातला सर्वांत नावाजलेला घाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. त्याची वाट दगडी पायऱ्यांची आहे. पायरी माणसाच्या पायासाठी आणि जनावराच्या खुरासाठी असते, चाकासाठी ती अडसर असते. ज्या राज्यकर्त्यांनी एवढा खर्च करून वाट बांधली, त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हतीच. कोल्हापुरातून राजापूर-खारेपाटणकडे उतरणाऱ्या वाटांवरही शतकानुशतके राज्य होते ते बैलांच्या तांड्यांचे. लमाण शेकडो बैल घेऊन निघत, प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी. वर जाताना मीठ, नारळ, सुपारी आणि खाली येताना धान्य, गूळ, मिरची. मराठेशाहीतील जकातीचे हिशेब पाहिले तर मालाचे माप पुष्कळदा बैलाच्या ओझ्यावरच धरलेले दिसते. सरकारने ज्या मापाने पैसा गोळा केला, ते माप त्या काळच्या वाहतुकीचे खरे चित्र आहे. 1803 च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेचे पोटही अशाच बैलवाल्यांच्या तांड्यांनी भरले होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. दायमाबादचा रथ कुठे गेला? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत बैलजोडी जुंपलेला, मागे उभा सारथी असलेला, सुमारे 45 सेंटिमीटर लांबीचा सुंदर रथ आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वी 2000 च्या आसपासचा मानतात. म्हणजे चाकावर चालणारे वाहन महाराष्ट्राला चार हजार वर्षे ठाऊक आहे. मान्य. पण ठाऊक असणे आणि वापरात असणे यांत मोठे अंतर असते. मेक्सिकोत कोलंबसापूर्वीची चाकांची मातीची खेळणी सापडली आहेत, आणि त्याच समाजांनी ओझी मात्र माणसांच्या पाठीवरून नेली, कारण त्यांच्याकडे जुंपायला जनावर नव्हते. पश्चिम आशियाची गोष्ट तर आणखी गमतीची. जिथे गाडी इतक्या आधी वापरात आली त्याच प्रदेशाने पुढे उंटाच्या नादी लागून चाके जवळजवळ सोडून दिली. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी 1975 मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. उंटाला रस्ता लागत नाही, पूल लागत नाही, गाडीचा सांगाडा ओढावा लागत नाही. दख्खनमध्ये उंटाचे काम पाठीवर ओझे घेणाऱ्या बैलाने केले. ही अडाणीपणाची खूण मानणे चूक आहे. पावसाळ्यात चिखलाने फुगलेली काळी जमीन, पूल नसलेल्या कासारी-कुंभी-भोगावती आणि पश्चिमेला सह्याद्री, एवढे समोर असताना ज्याने गाडी घ्यायचे टाळले त्याने पुरता हिशेब केला होता.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. बाराव्या शतकाच्या आसपासच्या कन्नड शिलालेखांत व्यापाऱ्यांवरच्या करांत बैलाच्या ओझ्याबरोबर गाडीभर मालाचाही उल्लेख येतो, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य त्या प्रदेशाला लागूनच होते. तेव्हा गाड्या होत्या हे निर्विवाद. पूर्वेकडच्या सपाट मैदानात, कोरड्या दिवसांत त्या चालतही असणार. तोफांचे गाडेही होते, आणि ते ओढताना फौजांचा किती खोळंबा होई हेही सर्वांना माहीत आहे. पुढे बेलदार पाठवून वाट करावी लागे. रथयात्रेला देवाचा रथ होताच. पण हे सगळे अपवाद आहेत. देवाचा रथ वर्षातून एकदा ठरलेल्या वाटेने फिरतो, तोफेचा गाडा मोहिमेपुरता, आणि शेतातला जुना गाडा शेत ते गाव एवढ्यापुरता. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या दख्खनमधल्या गाड्यांची जी वर्णने मिळतात ती भरीव, बोजड चाकांची आणि अनेक बैल लागणाऱ्या गाड्यांची आहेत. 1836 च्या सुमारास सोलापूरकडच्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने हलकी, मजबूत आणि शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी बनवायला सुरुवात केली, त्याआधी 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला होता, आणि मग हळूहळू मराठी मुलखात आपल्याला ओळखीची वाटणारी बैलगाडी पसरली. जिला आपण सनातन समजतो, चित्रांत आणि निवडणूक चिन्हांत मिरवतो, ती या रूपात जेमतेम पावणेदोनशे-दोनशे वर्षांची आहे.

ती आल्यावर मात्र तिने गावच्या कारागिरांचा पुरेपूर कस लावला. सुताराने बाभळीचा तुंबा कोरायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठे बसवून वर्तुळ पुरे करायचे. मग लोहाराची पाळी. लोखंडी धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली असते. ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती शेण्या रचून पेटवायच्या. लोखंड लाल होऊन फुगले की तिघाचौघांनी सांडशींनी उचलून चाकावर टाकायची, घणाने सारखी करायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, धाव आकसते, आणि आकसताना आरे, पुठे, तुंबा सगळ्यांना असे आवळून घेते की खिळ्याची गरज उरत नाही. घेराचा अंदाज बोटभर चुकला तरी एक तर धाव बसत नाही किंवा आरे वाकतात. मोजपट्टीपेक्षा नजरेवर चालणारे हे गणित होते. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: बलुत्याच्या नेहमीच्या कामात नांगर, कुळव, मोट यांची दुरुस्ती येई, नव्या गाडीची मजुरी बहुतेक ठिकाणी वेगळी ठरवावी लागे. गावाच्या जुन्या करारात गाडीला हक्काची जागा नव्हती. मोटेला होती.

आणि मोटेला असणारच. पाऊस चार महिने, पश्चिमेला गगनबावड्यात धो धो आणि पूर्वेला शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा; ऊस, हळद, भाजी पिकवायची तर विहिरीतून पाणी काढायलाच हवे. विहिरीच्या काठावर दोन दगडी किंवा लाकडी खांब, त्यांच्यामध्ये कण्यावर फिरणारे बाभळीचे चाक, त्यावरून जाड नाडा, नाड्याला चामड्याची सोंडेची मोट. सोंडेच्या टोकाला दुसरी बारीक दोरी, सोंदूर, आणि तिच्यासाठी खाली थारोळ्याच्या तोंडाशी आडवा रूळ. बैल उताराच्या धावेवरून खाली निघाले की मोट वर येते. मोटकरी उतरताना नाड्यावर बसतो, त्याचे वजनही बैलांच्या मदतीला येते. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढते, सोंड आपोआप खाली झुकते आणि पाणी थारोळ्यात पडते. कोणी हात लावून मोट उपडी करायची गरज नाही. एक माणूस, दोन बैल, दोन दोऱ्या आणि दोन फिरते भाग, एवढ्यात स्वतःहून रिकामे होणारे यंत्र तयार झाले. नाड्याची आणि सोंदुराची लांबी विहिरीच्या खोलीप्रमाणे नेमकी जुळवावी लागे. थोडी चूक झाली तर मोट अर्ध्यातच सांडते. या यंत्राचे महत्त्व सरकारनेही ओळखले होते. मराठी महसुली कागदांत बागायतीचे पाटस्थळ आणि मोटस्थळ असे सरळ दोन प्रकार आहेत: पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन आणि मोटेच्या पाण्यावर भिजणारी जमीन. एक चाक जमिनीची प्रत आणि सारा ठरवत होते. गाडीच्या चाकाला असा मान कुठल्या कागदात मिळाल्याचे दिसत नाही.

मोटेच्या पाण्यावर ऊस झाला की त्याला चरक हवा. जुना चरक लाकडीच असे. बाभळीच्या दोन किंवा तीन उभ्या लाटा, वरच्या टोकाला कोरलेले दाते एकमेकांत अडकलेले, आणि त्यांतल्या एकीला लांब दांडा लावून बैल गोल फिरवायचे. दोन लाटांच्या चरकातल्या जोडीला नवरा-नवरी म्हणत. एक लाट फिरली की दात्यांमुळे दुसरी उलटी फिरते आणि मधल्या फटीत ऊस पिळला जातो. हे सरळसरळ दातेचक्र आहे, आणि ते गावच्या सुताराने किकऱ्याने आणि वाकसाने कोरलेले आहे. रस काहिलीत, काहिलीखाली चुलवाण, चुलवाणात वाळलेले चिपाड, आणि साऱ्यावर गुळव्याची नजर. लाकडी लाटांच्या जागी लोखंडी आल्या तेव्हा रस जास्त निघू लागला, बैलांचे कष्ट कमी झाले, पण रचना तीच राहिली. म्हणून लोखंडी चरक इथल्या शेतकऱ्याला परका वाटला नाही. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले; त्या लौकिकामागे जमीन आणि पाणी जेवढे आहे तेवढेच हे जागेवर फिरणारे दातेही आहेत.

कोणी म्हणेल, चरक आणि जाते यांना चाकाच्या इतिहासात ओढणे ही ओढाताण आहे. चाक म्हणजे जे पुढे सरकते ते. मला हे पटत नाही. चाकाचे मर्म त्याच्या गोलपणात नाही, कण्याभोवती न अडखळता फिरण्यात आहे. ते साधले की पुढे सरकणे हा त्या फिरण्याचा एक उपयोग झाला. दख्खनमधल्या सातवाहनकालीन वस्त्यांत फिरत्या जात्यांच्या तळ्या मिळतात, म्हणजे जाते इथल्या घरात जवळपास कुंभाराच्या चाकाइतकेच जुने आहे. दिवसाला किती घरांत किती वेळ ते फिरे याचा नुसता विचार केला तरी कुठलीही गाडी त्याच्यापुढे फिकी पडते. त्याचा इतिहास लिहिला गेला नाही, याचे कारण ते बायका फिरवत होत्या आणि पहाटे, घरात, बिनमजुरीने फिरवत होत्या. सैन्य आणि व्यापार यांच्या मागून फिरणाऱ्या इतिहासाला रथ दिसतो, जाते दिसत नाही. अर्थात जात्याचे गुणगान फार करू नये. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी जाते सोडायला क्षणाचाही विचार केला नाही, आणि त्यांचे बरोबर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चाके अखेर रस्त्यावर आली, ती थोडीथोडकी नाहीत. 1870 च्या दशकात पंचगंगेवर शिवाजी पूल झाला. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला बाजार मिळाला. तेव्हा तिसरा आक्षेप असा की कोल्हापूरची भरभराट या धावत्या चाकांमुळेच झाली. रेल्वे नसती तर गूळ गुजरातेत गेला नसता, हे खरेच. पण रेल्वे माल नेते, माल करत नाही. त्याच वर्षांत किंवा थोडे पुढे इथे जे उभे राहिले ते पाहावे. 1904 मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग लावला, त्याला जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा पाठिंबा होता. 1906 मध्ये कोल्हापुरात शाहू मिल निघाली. तिकडे बेळगावात 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले होते. धावत्या चाकांवर पोट भरणारा हा माणूस पुढे वळला तो कडबा कापायच्या यंत्राकडे, ज्याचा जीव म्हणजे पाती बसवलेले एक जड लोखंडी चाक. 1910 मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. शेतकऱ्याला हवे होते ते यंत्र त्याच्या गोठ्यात आणि विहिरीवर, म्हणून उद्योग तिकडे गेला.

कोल्हापूरची उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत याच ओढीतून वाढली. स्वातंत्र्याच्या आगेमागे शहरात दुरुस्तीची दुकाने होती: मोटारी, पंप, गुऱ्हाळाची यंत्रे, परदेशी ऑइल इंजिने. म्हादबा मेस्त्रींसारखी, आजही आदराने नाव घेतले जाते अशी माणसे पुस्तक न उघडता यंत्र उघडून शिकली. दुरुस्त करता करता सुटे भाग ओतले, भाग ओतता ओतता सगळे इंजिन इथेच होऊ लागले, आणि 1950-60 च्या दशकांत कोल्हापूरचे ऑइल इंजिन नदीकाठी आणि विहिरींवर सगळीकडे धडधडू लागले. त्या इंजिनाकडे नीट पाहावे. एकाच सिलिंडरचे, फोर स्ट्रोक. चार फटक्यांपैकी एकातच जोर लागतो, उरलेले तीन पार पाडायचे असतात ते साठवलेल्या गतीवर, आणि ती गती साठवतात दोन्ही बाजूंची अगडबंब फ्लायव्हील. हँडल मारून ती फिरवली की इंजिन दम धरते. कुंभारही दांडक्याने चाकाला वेग देतो, दांडके बाजूला ठेवतो आणि साठलेल्या गतीवर मडके उभे करतो. त्यासाठीच त्याच्या चाकाचा घेर जड केलेला असतो. ब्रह्मपुरीचे चाक आणि उद्यमनगरचे फ्लायव्हील एकाच तत्त्वावर चालतात, आणि दोन्हींनी जागा सोडलेली नाही. मोट गेली, तिच्या जागी पंपाच्या पोटातले पाते फिरू लागले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीत अडवलेले पाणी माळावर चढवले ते या पात्यांनी.

इथे कोणी सलगपणाचा आग्रह धरून म्हणेल की कुंभाराचा मुलगा फौंड्रीवाला झाला असे दाखवा, तर मानू. तसे घडल्याचा माझा दावा नाही. जातीचा धंदा सरळ कारखान्यात गेला असे क्वचितच होते. उद्यमनगरात नाना थरांतली माणसे आली, आणि शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी उघडलेल्या शिक्षणाच्या दारांचा त्यात मोठा वाटा होता. सलग राहिली ती मागणी. या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी उचलणारे आणि ऊस पिळणारे फिरते यंत्र हवे होते, त्यासाठी पैसे मोजायची त्याची तयारी होती आणि ते बिघडले तर गावातच दुरुस्त व्हावे हा त्याचा हट्ट होता. गिऱ्हाईक असे असेल तर कारागीर तयार होतो. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर धरून तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत आणि त्यांतले बरेच कास्टिंग ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यांना जाते: ब्रेक ड्रम, हाउसिंग, इंजिनाचे ब्लॉक. देशभरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या चाकांचे सुटे भाग ज्या शहरात ओतले जातात, त्या शहराने हे काम विहिरीवरच्या आणि गुऱ्हाळातल्या चाकांवर हात बसवून शिकले.

कणेरी मठाच्या म्युझियममध्ये बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार आणि जुन्या शेतीची कामे पुतळ्यांतून हुबेहूब उभी केली आहेत, आणि लोक ती पाहायला लांबून येतात. तिथल्या गोष्टीला पुढचे प्रकरण जोडायला हवे. उद्यमनगरच्या पहिल्या पिढीची ऑइल इंजिने वीज आल्यापासून गोठ्यांत आणि मोटारघरांत गंजत पडली आहेत आणि भंगारवाला ती किलोवर नेतो. ज्यांच्या मळ्यात असे इंजिन, मोटेचे चाक किंवा लाकडी चरकाची लाट अजून शिल्लक असेल त्यांनी ते विकण्याआधी त्याचा फोटो काढावा, बनवणाऱ्याचे नाव आणि साल टिपून घ्यावे, आणि शक्य असेल तर ते एखाद्या महाविद्यालयाला किंवा म्युझियमला द्यावे.